टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? मीटरआधी आरसी बघा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दोन तऱ्हेच्या मोटारी दिसतात. एक सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. मालक लोकलने कामाला जातो आणि गाडी बाहेर निघते ती टिटवाळ्याच्या गणपतीला, लग्नाला नाहीतर गावाला. दुसरी विमानतळाच्या भाड्यांवर रात्रंदिवस पळते. पहिलीच्या मीटरवर नऊ वर्षांत चाळीस हजार, तर दुसरीच्या दोन वर्षांत लाखभर. टायमिंग बेल्टच्या बाबतीत दुसरीचा मालक सहसा जागा असतो, कारण गाडी बंद तर धंदा बंद. गाफील राहतो तो पहिला. मेकॅनिकने बेल्ट बदलायला सांगितलं, की ‘रनिंगच कुठे झालंय?’ म्हणत तो विषय पुढच्या सर्व्हिसवर ढकलतो. पण रबर उभ्या गाडीतही जुनं होतंच. इंजिनाची धग, दमट हवा आणि वय यांनी ते कडक होतं, त्याला चिरा पडतात. म्हणून आरसीवरची नोंदणीची तारीख मीटरइतकीच महत्त्वाची.

तुमच्या गाडीत बेल्ट आहे का?

सगळ्याच गाड्यांत नसतो. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल, ह्युंदाईचं १.२ कप्पा, २००८ नंतरची आय-व्हीटेक होंडा सिटी आणि इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल यांत टायमिंग चेन आहे. चेनला ठरावीक मुदत नसते. ऑइल वेळेवर बदललं तर ती सहसा त्रास देत नाही.

बेल्ट आहे तो मारुती ८०० आणि अल्टो ८०० मध्ये, सँट्रो झिंगमध्ये, १.१ इंजिनाच्या आय-टेनमध्ये, जुन्या इंडिका डिझेलमध्ये, डस्टर आणि टेरानोच्या १.५ डिझेलमध्ये, इकोस्पोर्ट डिझेलमध्ये, पोलो-व्हेंटोच्या टीडीआयमध्ये, क्रिस्टाच्या आधीच्या इनोव्हा डिझेलमध्ये आणि हॅरियर, जीप कंपासच्या दोन लिटर डिझेलमध्ये. एकाच नावाच्या गाडीत मॉडेलप्रमाणे इंजिन बदलतं. अल्टो ८०० ला बेल्ट, पण के-टेनला चेन. म्हणून नावावर जाऊ नका, मालकाची पुस्तिका उघडा.

इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट पेट्रोलचा बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. चुकीच्या ग्रेडचं किंवा जुनं झालेलं ऑइल त्याला खातं आणि सुटलेलं रबर ऑइलच्या जाळीत अडकतं. ही गाडी असेल तर ऑइलमध्ये काटकसर नको.

तुटला तर काय होतं?

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक, हा मेळ बेल्ट राखतो. दोन हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो. बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला, की बहुतेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. काही जुन्या इंजिनांत एवढी जागा असते की फक्त गाडी बंद पडते. आपलं इंजिन कुठल्या जातीचं ते आधीच विचारून ठेवा. चालती गाडी एकदम बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, मोकळं फिरल्यासारखं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्काही देऊ नका. थेट टोइंग बोलवा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

मुदत कशी ठरवायची?

कंपनीनुसार मुदत साधारण साठ हजार ते दीड लाख किलोमीटर, किंवा चार ते दहा वर्षं. यातलं जे आधी भरेल ते धरायचं. जुन्या इनोव्हात दीड लाखाच्या सुमारास डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. पण तो किलोमीटर मोजतो, वर्षं नाही. पुस्तिका हरवली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिलही नसेल, तर बेल्ट मूळचाच आहे असं समजा. पाच-सहा वर्षं किंवा साठ-सत्तर हजार ही सावध मर्यादा.

आपल्या रस्त्यांचा हिशेबही धरा. गायमुखचा घाट, मुंब्रा बायपास, कल्याण-शीळ रोडवर काटई आणि पलावाचा चौक, इथे मीटर थांबतं, इंजिन थांबत नाही. साठ हजार किलोमीटर ताशी पन्नासच्या सरासरीने काढले तर इंजिन बाराशे तास चालतं. ताशी पंधराने काढले तर चार हजार तास. कोंडीत इंजिनाच्या फेऱ्या कमी असतात, त्यामुळे झीज तिप्पट होते असं नाही. पण बॉनेटखालची धग तेवढे तास बेल्ट सोसतो. पुस्तिकेत ‘कठीण वापरा’चा वेगळा तक्ता असेल तर आपण त्यातच बसतो.

खुणा: दिसतात, पण नेहमी नाही

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना कुईं करून ओरडतो तो बहुधा फॅन बेल्ट. टायमिंग बेल्ट सहसा न ओरडताच तुटतो. ऐकू येते ती बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगची घरघर: आतलं ग्रीस सुकलं की कव्हरच्या बाजूने सततचा आवाज येतो आणि रेस केल्यावर वाढतो. अनेक गाड्यांत वरचं प्लास्टिक कव्हर मोजके बोल्ट काढून उघडतं. टॉर्च मारून बघा. दातांच्या मुळाशी बारीक चिरा, कडेला सुटलेले धागे, काचेसारखी चमकणारी पाठ किंवा ऑइलचा ओलावा यातलं एकही दिसलं तर मुदतीची वाट पाहू नका. ऑइल दिसलं तर नुसता बेल्ट बदलून भागत नाही. आधी गळकं सील बदला, नाहीतर नवा बेल्टही तसाच भिजेल. पुराचं पाणी इंजिनाला लागलेल्या गाडीचंही कव्हर उघडून आतला गाळ बघून घ्या. आणि दिसायला बेल्ट चांगला आहे म्हणून वय झालेल्या बेल्टला मुदतवाढ देऊ नका.

काय काय बदलायचं?

बेल्ट आणि टेन्शनर एकत्रच. आयडलर, म्हणजे बेल्टला वळण देणारी मोकळी पुली, असेल तर तोही. मजुरीचा मोठा भाग उघडण्या-बसवण्याचा असतो; टेन्शनरचे पैसे वाचवले आणि सहा महिन्यांत तो अडकला तर नवा बेल्टही गेला आणि मजुरीही. डस्टरचं १.५ डिझेल आणि फोक्सवॅगन टीडीआयमध्ये वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, तिथे पंप बदलूनच घ्यावा. अल्टोत तो फॅन बेल्टवर असतो, म्हणून उगाच बदलायची गरज नाही.

खर्चाचा अंदाज

सुटे भाग आणि मजुरी धरून, खात्रीच्या स्थानिक गॅरेजचे ढोबळ आकडे:

- मारुती ८००, अल्टो ८००, सँट्रो: ३ ते ६ हजार रुपये
- जुनी इनोव्हा डिझेल: ९ ते १५ हजार
- डस्टर, इकोस्पोर्ट डिझेल: १० ते १८ हजार
- पोलो-व्हेंटो टीडीआय, वॉटर पंपासह: १८ ते ३० हजार

अधिकृत सर्व्हिस सेंटरला बिल याहून चढं येतं. तुटल्यानंतरचं काम मात्र छोट्या पेट्रोल गाडीला २० ते ३० हजार आणि डिझेलला ५० हजारांपासून लाखाच्या पुढेही जातं.

आता ‘अजून एक वर्ष काढू’ याचा हिशेब. डस्टरचं काम १४ हजारांत झालं आणि बेल्ट पाच वर्षं चालला, तर वर्षाला २,८०० रुपये पडले. म्हणजे वर्षभर आधी बदलल्याचं नुकसान जास्तीत जास्त २,८०० रुपये, आणि लांबवल्याचा धोका निदान ५० हजारांचा. सौदा उघड आहे. अपवाद एकच. पंधरा वर्षं भरत आलेली, नोंदणीचं नूतनीकरण न करता भंगारात काढायची डिझेल गाडी. तिथे कामाचा खर्च आणि गाडीची किंमत शेजारी मांडून ठरवा. तशीच अल्टो असेल आणि ती वर्ष-दोन वर्षं वापरायची असेल, तर चार-पाच हजार खर्चून मोकळं व्हा.

गॅरेजवाल्याला काय विचाराल?

वागळे इस्टेट असो, कोलशेत रोड असो की डोंबिवली एमआयडीसी, निदान दोन ठिकाणी लेखी कोटेशन घ्या. डस्टर किंवा टीडीआय असेल तर क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवणारी लॉकिंग टूल्स आहेत का ते विचारा. ‘खूण करून बसवतो’ असं उत्तर आलं तर पुढचं गॅरेज गाठा. किट कंपनीचं ओरिजिनल किंवा गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, आयएनए यांपैकी असावं आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडावा. भंगारातल्या गाडीचा टेन्शनर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्के. पण एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावला तर हरकत घ्या. बिलात नुसतं ‘बेल्ट बदलला’ चालणार नाही: टायमिंग बेल्ट की फॅन बेल्ट, पार्ट नंबर, तारीख, मीटर रीडिंग आणि वॉरंटी लिहून घ्या. जुना बेल्ट आणि टेन्शनर मागून घ्या.

काम बिघडलं आणि गॅरेज दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तिथे तुमच्या बाजूने बोलणार ते हेच बिल. आणि गाडी विकायला काढाल, तेव्हा ‘बेल्ट बदललाय’ या तुमच्या शब्दाला वजनही त्यानेच येईल.