लढाऊ वाहनाचे कास्टिंग आणि निर्यात परवाना

पेठ वडगाव, शिरोली, हातकणंगले या पट्ट्यात ओतकाम आणि लेथकाम करणारे आपले अनेक बंधू आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, डिझेल इंजिन यांचे भाग करण्यात त्यांचा हात बसलेला आहे. आता संरक्षण साहित्याचे कामही लहान कारखान्यापर्यंत येऊ लागले आहे. भारताची संरक्षण निर्यात २०१३-१४ साली ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ साली ती २३,६२२ कोटींवर गेली आणि त्यातील १५,२३३ कोटींचा वाटा खासगी कारखान्यांचा होता. त्या एका वर्षात सरकारने १,७६२ निर्यात परवानग्या दिल्या. उद्या एखाद्या परदेशी कंपनीचे ड्रॉइंग आपल्या टेबलावर आले, तर काय पाहावे, हे आज समजून घेऊ.

पहिला गैरसमज असा की, "आम्ही बंदूक करत नाही, नुसता बीडाचा तुकडा ओततो, आम्हाला परवाना कशाला?" याला कारणही आहे. २०१४ साली केंद्र सरकारने संरक्षण उत्पादनासाठी लागणाऱ्या औद्योगिक परवान्याची यादी लहान केली. बहुतेक सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग त्यातून वगळले गेले. म्हणजे माल तयार करायला परवाना नको. पण तोच माल देशाबाहेर पाठवायचा झाला, की कायदा वेगळा. आपले लोक नेमके इथे फसतात.

निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची एक सरकारी यादी आहे. तिला 'स्कोमेट' म्हणतात. विशेष रसायने, जीवाणू, पदार्थ, यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान असा तिचा विस्तार आहे. परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ही यादी जाहीर करते. यादीतील सहावा गट युद्धसाहित्याचा असून तो २०१७ साली भरण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत वासेनार करारात सामील झाला. सहाव्या गटाची रचना त्या कराराच्या यादीवरच बेतलेली आहे.

या सहाव्या गटात ६ए०१६ अशी एक नोंद आहे. कोल्हापूरच्या प्रत्येक फाउंड्रीवाल्याने ती पाठ करावी असे आमचे मत आहे. तोफा, बंदुका, दारूगोळा, लष्करी वाहने, युद्धनौका, लष्करी विमाने यांच्यासाठी खास घडवलेली फोर्जिंग, कास्टिंग आणि अर्धवट तयार वस्तू या नोंदीत येतात. मशिनिंग झाले नाही, भोके पाडली नाहीत, रंग दिला नाही, तरी सुटका नाही. कास्टिंगचा धातू, आकार किंवा काम यावरून ते कशाचे आहे हे ओळखता येत असेल, तर ते यादीत धरले जाते.

'खास घडवलेले' या शब्दात सारी मेख आहे. ट्रकलाही बसते आणि लष्कराच्या गाडीलाही बसते असे बाजारातले सर्वसाधारण हाउसिंग असेल, तर ते बहुधा या नोंदीत येणार नाही. पण ड्रॉइंग केवळ चिलखती गाडीच्या ब्रॅकेटचे असेल आणि तो ब्रॅकेट दुसरीकडे कुठेच बसत नसेल, तर परवाना घ्यावाच लागेल. कस्टमचा आठ आकडी कोड पाहून याचा निर्णय होत नाही. त्या कोडप्रमाणे माल साधे लोखंडी कास्टिंग ठरेल आणि स्कोमेटप्रमाणे युद्धसाहित्य. म्हणून ऑर्डर घेण्याआधी खरेदीदाराला लेखी विचारावे : हा भाग कशात बसणार, आणि अखेर वापरणार कोण? आपल्याकडे ड्रॉइंग आले की वजन आणि भाव एवढेच बोलायची सवय आहे. या धंद्यात ती महागात पडेल.

सहाव्या गटाचा परवाना संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. अर्ज ऑनलाइन असतो. पुण्याच्या डीजीएफटी कार्यालयात चकरा मारून हे काम होत नाही. आयात-निर्यात कोड, पर्चेस ऑर्डर, मालाचा तांत्रिक तपशील आणि अंतिम वापराचा दाखला ही मुख्य कागदपत्रे. दाखल्यावर परदेशी सरकारची सही केव्हा लागते आणि खरेदीदाराची केव्हा चालते, हे विभागाच्या कार्यपद्धतीत दिलेले आहे. ते वाचून मगच दाखला मागवावा. गरजेप्रमाणे विभाग इतर खात्यांचे मत घेतो, त्यात वेळ जातो. त्याच खरेदीदाराची त्याच मालाची पुन्हा ऑर्डर आली, तर ही विचारणा वगळण्याची सवलत आहे.

सुट्या भागांसाठी २०१९ साली एक खुला सर्वसाधारण परवानाही सुरू झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान असे ठरावीक देश त्यात घेतले. एकदा तो मिळाला की प्रत्येक खेपेला वेगळी परवानगी नको. अटी मात्र आहेत आणि त्या पाळल्याचा हिशेब द्यावा लागतो.

आता जॉबवर्कवाल्यांबद्दल. तुम्ही माल पुण्याच्या कंपनीला देता आणि ती परदेशी पाठवते, तर परवाना तिने घ्यायचा. पण ड्रॉइंगची जबाबदारी तुमच्यावरही येते. तंत्रज्ञान देशाबाहेर देणे हीसुद्धा निर्यातच आहे, मग ते ईमेलने गेले तरी. ड्रॉइंग अमेरिकन युद्धसाहित्याचे असेल, तर त्याला तिथला 'आयटार' नावाचा नियम लागू असतो. ज्याला परवानगी दिली त्याच्याखेरीज दुसऱ्याला ते दाखवता येत नाही. आपल्याकडे काम वाढले की उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे ड्रॉइंगची झेरॉक्स जाते, मोबाइलवरून फोटो जातो. या कामात ते चालणार नाही. दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे असेल, तर खरेदीदाराची लेखी संमती आधी हवी.

परवान्याशिवाय माल निघाला तर न्हावा-शेवा बंदरात तो अडकू शकतो, जप्त होऊ शकतो, आयात-निर्यात कोड निलंबित होऊ शकतो. परकीय व्यापार कायदा १९९२ चा आहे. २०१० साली त्यात अशा मालासाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. गुन्हा पुन्हा घडल्यास तुरुंगवासापर्यंत मजल जाते.

शेवटी भावाच्या कागदाविषयी. कोटेशनमध्ये माल देण्याची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून लिहू नका, "निर्यात परवाना मिळाल्यापासून" अशी लिहा. नाहीतर परवान्याची वाट पाहता पाहता उशिराचा दंड तुमच्याच बिलातून कापला जाईल. परवाना, दाखला, ड्रॉइंगची प्रत आणि पाठवणीचे कागद किमान पाच वर्षे एका फायलीत ठेवा.