जुन्या यंत्राची पारख

मुलांनो, रस्त्याच्या कडेला बसलेल्या मोच्याला काम करताना तुम्ही नक्कीच पाहिले असेल. तो आरीने चामड्याला भोक पाडतो, त्यातून दोरा ओवतो आणि टाका ओढून घट्ट करतो. हा टाका फार मजबूत असतो. पण त्याला वेळही फार लागतो. एका बॅगेला शेकडो टाके घालावे लागतात. म्हणून बॅगा, पाकिटे आणि बूट तयार करणारे कारागीर शिलाईचे यंत्र वापरतात. मुंबईत धारावीला किंवा मदनपुऱ्याला गेलात, तर लहान लहान कारखान्यांतून या यंत्रांची खडखड ऐकू येते.

तुम्ही म्हणाल, "आमच्या घरीही शिलाई मशीन आहे. त्यावर चामडे का शिवत नाहीत?" प्रश्न बरोबर आहे. घरातले मशीन कापडासाठी बनवलेले असते. त्याची सुई बारीक असते. जाड चामड्यात ती वाकते किंवा तुटते. शिवाय त्या मशीनमध्ये सुईच्या खाली लोखंडी दात असतात. हे दात कापड पुढे सरकवतात. चामड्यावर मात्र त्यांचे ओरखडे उठतात. वरून दाबणारा पाय चामड्याला चिकटतो आणि चामडे जागच्या जागी राहते. मग एकाच ठिकाणी टाक्यांची गर्दी होते.

चामड्यासाठी वेगळी यंत्रे असतात. नवी यंत्रे महाग असल्यामुळे अनेक कारागीर जुने यंत्र विकत घेतात आणि दुरुस्त करून वापरतात. चांगले जुने यंत्र पन्नास-साठ वर्षांनंतरही उत्तम काम देते. पण ते चांगले आहे, हे ओळखायचे कसे? त्याचीच ही माहिती आहे.

आपण एकच यंत्र घेऊ. त्याचे नाव सिंगर २९ के. बूट दुरुस्त करणारे कारागीर जगभर हे यंत्र वापरत आले आहेत. आयझॅक मेरिट सिंगर या अमेरिकन माणसाने १८५१ साली आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या कंपनीने स्कॉटलंडमधील क्लाइडबँक या गावी किलबोवी नावाचा मोठा कारखाना उभारला. तो १८८५ साली सुरू झाला. '२९ के' मधला 'के' म्हणजे किलबोवी. त्या कारखान्याच्या मनोऱ्यावर एक प्रचंड घड्याळ होते. १९६३ साली तो मनोरा पाडला आणि १९८० साली कारखानाही बंद झाला. आता तिथे 'सिंगर' या नावाचे रेल्वे स्टेशन तेवढे उरले आहे. कारखाना गेला, पण तिथली यंत्रे अजून देशोदेशी चालत आहेत.

या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. त्याला पुढे एक लांब, निमुळता हात असतो. बुटाचे तोंड किंवा बॅगेचा कोपरा या हातावर चढवता येतो. सुईच्या खाली दात नसतात. वरचा पायच चामडे पकडतो आणि सरकवतो. आणखी एक गंमत आहे. हा पाय चारही बाजूंना फिरतो. त्यामुळे चामडे न वळवता पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, हवे तिकडे शिवता येते. बुटावर गोल ठिगळ लावायचे असेल, तर याच्यासारखे दुसरे यंत्र नाही. पण त्याला सगळेच जमते असे मात्र नाही. त्याची बॉबिन फार छोटी असते, ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. जाड पट्टे सरळ रेषेत भराभर शिवायचे असतील, तर दुसरे, जड यंत्र घ्यावे.

आता समजा, तुमचे मामू दुसऱ्याच्या कारखान्यात बॅगा शिवतात. स्वतःचे यंत्र घ्यावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. त्यांनी थोडे पैसे साठवले आहेत आणि थोडे भावाकडून उसने घेतले आहेत. हे पैसे वाया गेले, तर पुन्हा जमवायला वर्ष लागेल. शुक्रवारी सकाळी ते तुम्हाला बरोबर घेऊन मुंबईच्या चोर बाजारात जातात. एका दुकानात दोन यंत्रे ठेवली आहेत. दोन्ही २९ के आहेत. एकाला काळा चकचकीत रंग दिला आहे. दुसऱ्यावर धूळ आणि गंज आहे. दुकानदार म्हणतो, "हे रंगवलेले घ्या. ते दुसरे टाके सोडते, म्हणून स्वस्त आहे." मामूंनी कोणते घ्यावे?

रंग पाहून उत्तर देऊ नका. नवा रंग कधी कधी धोक्याचाच असतो. हे यंत्र बिडाचे असते. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. ते मजबूत असते, पण जोरात पडले तर त्याला तडा जातो. तडा गेलेले बीड जोडणे कठीण असते. असा तडा रंगाखाली सहज लपतो. उलट, वरचा गंज आणि वाळलेले तेल दोन दिवसांच्या मेहनतीने निघून जाते. मळ काढता येतो, पण झिजलेले लोखंड परत आणता येत नाही. म्हणून घाण किती आहे, हे पाहू नका. झीज किती आहे आणि कोणते भाग हरवले आहेत, हे पाहा.

मामू नम्रपणे विचारतात, "चाचा, चाक फिरवून पाहू का?" चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवावे. ते जड फिरले तरी हरकत नाही, तेलाने ते हलके होईल. पण मध्येच अडकले किंवा कटकट आवाज आला, तर सावध व्हावे. मग सुई धरणारा दांडा दोन बोटांत पकडून हलवून पाहावा. तो डगमगत असेल, तर झीज झाली आहे. त्यानंतर लांब हाताच्या टोकाशी असलेले शटल पाहावे. खालचा दोरा यातच असतो. हाताच्या आतल्या एका दातेरी पट्टीमुळे शटल पुढे-मागे फिरते. चाक घट्ट धरून शटलला हलकेच ढकलावे. ते बरेच हलले, तर दाते झिजलेले आहेत. शटल आणि बॉबिन जागेवर आहेत ना, हेही पाहावे. पुष्कळदा हे छोटे भाग हरवलेले असतात आणि यंत्र बाजारात येते.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र शिवून पाहण्याची असते. म्हणून अनुभवी कारागीर बाजारात जाताना खिशात चामड्याचा तुकडा, दोरा आणि नव्या सुया ठेवतो. मामूंनीही तसेच केले आहे. आधी ते रंगवलेल्या यंत्रावर सर्वांत मोठा टाका लावून शिवतात आणि एका इंचात किती टाके आले, ते मोजतात. टाके दहा-बारा येतात. यंत्र चांगले असते, तर सहा-सात आले असते. म्हणजे चामडे सरकवणारे भाग झिजले आहेत. पाय पूर्ण पाऊल टाकत नाही, अर्धेच टाकतो.

"टाके लहान आले तर काय बिघडले? शिलाई अधिक पक्की होईल," असे तुम्हाला वाटेल. कापडाच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. सुई गेली की कापडाचे धागे बाजूला होतात आणि पुन्हा जवळ येतात. चामड्यात धागे विणलेले नसतात. सुईने पाडलेले भोक कायमचे राहते. जवळजवळ भोके पडली, तर चामडे त्या रेषेत फाटते. पोस्टाची तिकिटे भोकांच्या रेषेवर कशी सहज फाटतात, ते आठवा. बॅगेच्या पट्ट्यावर अशी शिलाई असेल, तर भरलेली बॅग एक दिवस भर रस्त्यात तुटेल. बॅग घेणारा गिऱ्हाईक पुन्हा मामूंकडे येणार नाही.

मग मामू दुसऱ्या यंत्राकडे वळतात. दुकानदाराने सांगितले ते खरेच आहे. हे यंत्र टाके सोडते. पण का सोडते? ते समजण्यासाठी टाका कसा तयार होतो, हे माहीत हवे. सुई वरचा दोरा घेऊन चामड्यातून खाली जाते. मग ती किंचित वर उचलली जाते. तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलचे टोक त्या फासातून जाते आणि खालचा दोरा त्यात अडकतो. एका क्षणाची ही भेट चुकली, की टाका सुटला. सुई चुकीच्या लांबीची असेल, उलटी बसवली असेल किंवा वरपर्यंत ढकललेली नसेल, तर ही भेट चुकते. मामू जुनी सुई काढतात आणि योग्य जातीची नवी सुई नीट बसवतात. चाक फिरते. एक, दोन, तीन... आता एकही टाका सुटत नाही. इंचात सात टाके येतात. चारही दिशांना शिवले तरी तेवढेच येतात.

भाव ठरवताना केवळ यंत्राची किंमत धरून चालत नाही. हे यंत्र स्टँडसकट फार जड असते. ते उचलायला दोन माणसे लागतात आणि न्यायला टेम्पो. नवा पट्टा, सुया आणि दोन-चार बॉबिनी घ्याव्या लागतात. हा सारा खर्च मामूंनी आधीच कागदावर लिहून आणला आहे. म्हणूनच ते एका रकमेपुढे जात नाहीत.

यंत्र घरी आल्यावर लगेच पाने-पेचकस घेऊन ते उघडू नये. आधी मोबाइलने सर्व बाजूंनी फोटो काढावेत. कोणता स्क्रू कुठला, हे नंतर आठवत नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेवावा. सिंगरच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात. बाजारातला साधा स्क्रू त्यात बसत नाही. पेचकसही खाचेत बरोबर बसणारा हवा, नाहीतर खाच तुटते. स्क्रू घट्ट बसला असेल, तर त्यावर गंज सैल करणारे तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. या कामात हातोडीपेक्षा धीर जास्त उपयोगी पडतो.

वाळलेले तेल काढण्यासाठी रॉकेल वापरतात. हे काम मोठ्या माणसांबरोबर, खिडक्या उघडून आणि चुलीपासून दूर करावे. गंज पितळी ब्रशने घासावा. मात्र यंत्रावरच्या सोनेरी नक्षीला थिनर किंवा स्पिरिट लावू नये. त्याने नक्षी पुसली जाते. ओलसर मऊ कापड पुरेसे आहे. शेवटी प्रत्येक छिद्रात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. काही घरांत मशीनला खोबरेल तेल घालतात. तसे कधीही करू नका. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होते, मग घट्ट होते आणि यंत्र अडकते. "मशीन बिघडले" म्हणून विकलेल्या कित्येक मशीनांचा आजार एवढाच असतो.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? कारागीर, दुकान, बाजार, पेचकस हे शब्द तुम्ही घरी बोलता आणि मराठीतही तेच आहेत. मामू ज्याला पुर्जा म्हणतात, त्याला मराठीत सुटा भाग म्हणतात. पण बाजारात कोणीही पुर्जा म्हटले, तरी सगळ्यांना समजते.

आता दोरा ओवायचा. २९ के मध्ये वरचा दोरा यंत्राच्या डोक्यातून आतल्या आत खाली आणावा लागतो. त्यासाठी लांब तारेचा आकडा वापरतात. यंत्राबरोबर तो मिळाला नाही, तर बारीक तार वाकवून करता येतो. चामड्यासाठी धारदार टोकाची सुई घ्यावी. ती चामडे कापत जाते. पहिली शिलाई टाकाऊ तुकड्यावरच करावी, कारण नव्याने घातलेले तेल सुरुवातीला खाली टपकते आणि चामड्यावर डाग पडतो. तुकडा उलटून खालची बाजू पाहावी. खाली दोऱ्याचे सैल फास दिसले, तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवावा. खालचा दोरा वर दिसू लागला, तर ताण कमी करावा. दोन्ही दोऱ्यांची गाठ चामड्याच्या मध्ये लपली, की ताण बरोबर झाला.

सुरुवातीला मोटर लावू नका. पायाने किंवा पुढच्या लहान चाकाने सावकाश चालवा आणि बोटे सुईपासून दूर ठेवा. मामू आता कोपऱ्यातले तुमचे जुने दप्तर उचलतात. त्याचा पट्टा गेल्या पावसाळ्यापासून उसवलेला आहे. ते दप्तर यंत्राच्या हातावर चढवतात, पाय खाली सोडतात आणि म्हणतात, "चल, चाक तू फिरव."