आधी काम ठरवा, मग उपकरण घ्या

दहावीचा निकाल लागला की दृष्टिबाधित मुलांचे पालक विचारतात, 'कोणतं यंत्र घ्यावं?' अकोला-अमरावतीत काही जण त्यासाठी कर्ज काढायलाही तयार असतात. जरा थांबा. आधी मुलाच्या कामांची यादी करा: धडा वाचणं, टिपणं काढणं, पेपर देणं, एकट्यानं कॉलेजला जाणं. प्रत्येक कामाचं साधन वेगळं.

परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर ब्रेल शिकल्या, अमरावतीत पदवीधर झाल्या आणि 2024 मध्ये एमपीएससीच्या निकालात लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडल्या गेल्या. पदाच्या नावातच टंकलेखन आहे. म्हणून कीबोर्डवर न बघता चालणारा हात ही पहिली गुंतवणूक, आणि तिला पैसे फार लागत नाहीत.

थोडी दृष्टी शिल्लक असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडून अल्पदृष्टी तपासणी करून घ्या. कदाचित योग्य भिंग आणि मोठी अक्षरं एवढ्यावरच भागेल. दृष्टी नसेल, तर घरातल्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक सुरू करा. बोट फिरवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात ऑनलाइन पुस्तकं आहेत.

मराठीत खरी अडचण फाँटची. नोट्स युनिकोडमध्ये असतील, तर स्क्रीन रीडर नीट वाचतो. जुन्या फाँटमधली तीच ओळ तो अगम्य अक्षरांसारखी बडबडतो. क्लास लावण्याआधी तिथल्या नोट्सची एक फाइल मागून ऐकून बघा.

आवाज आला म्हणून ब्रेल सोडू नका. शुद्धलेखन आणि गणिताची मांडणी बोटांखालीच पक्की होते.

हे सगळं जमल्यावरच, पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेसारख्या महागड्या वस्तूचा विचार करा. तीही दुकानात नव्हे, मुलाच्याच पुस्तकावर तासभर वापरून बघा. दुरुस्ती कुठे होते, तेही विचारा.

दिव्यांगत्वाची टक्केवारी दाखवणारं यूडीआयडी कार्ड मात्र आजच काढायला घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा. स्पर्धा परीक्षेत लेखनिकाची सोय आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. पण लेखनिकाला उत्तर सांगण्याचा सराव घरीच, घड्याळ लावून करावा लागतो.