माळ्यावरचं लेगो गाव पुन्हा उभं राहील?

प्रश्न : काकांनी ऐंशीच्या दशकात आखातातून आणलेला ‘लेगो’चा गावाचा संच माळ्यावर सापडला. पांढरे ठोकळे पिवळे पडलेत, काही हरवलेत, पुस्तिकेला कसर लागली आहे. नवे ठोकळे त्यात बसणार नाहीत म्हणतात. टाकून द्यावा का?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : मुळीच टाकू नका. ठोकळे एकमेकांत अडकवण्याची १९५८ची पद्धत आजही तीच आहे. त्यामुळे नवे ठोकळे जुन्यांत व्यवस्थित बसतात. रंगात थोडा फरक दिसेल, इतकंच.

आधी खोक्यावरचा किंवा पुस्तिकेवरचा संचक्रमांक शोधा. त्यावरून जोडणीची चित्रं आणि सुट्या भागांची यादी इंटरनेटवर मिळते. ठोकळे कोमट पाण्यात (४० अंशांपेक्षा कमी) सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. स्टिकर लावलेले तुकडे, मोटर आणि दिवे मात्र भिजवू नका.

पिवळेपणा ऊन आणि हवेमुळे येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो कमी होतो, पण पुन्हा येऊ शकतो. जोडणीला त्याची अडचण नाही. पुस्तिका मऊ ब्रशने झाडून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकपेक्षा कागदालाच जास्त जपावं लागतं.

एक सावधगिरी : सत्तरच्या दशकातल्या काही लाल-पिवळ्या ठोकळ्यांच्या रंगात कॅडमियम असे. शिवाय बारीक तुकडे घशात अडकू शकतात. म्हणून हा संच तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका.

विकायचा नसेल, तर महागडे मूळ तुकडे शोधत बसू नका. साधे नवे ठोकळे घ्या आणि गाव बिनधास्त उभारा.