होम थिएटरमध्ये आधी काय बदलावं?

संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून जास्त वॉटचा नवा रिसीव्हर घेतला जातो आणि घरी आणल्यावर फक्त धमाके मोठे होतात, बोलणं पूर्वीसारखंच पुटपुटतं. हा खर्च का वाया जातो ते साध्या हिशेबातून कळतं. ताकद 80 वॉटवरून 160 वर नेली तरी आवाज वाढतो अवघ्या 3 डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. उलट, तेवढ्याच ताकदीवर 85 ऐवजी 88 डेसिबल देणारा स्पीकर लावला की रिसीव्हरला हात न लावता तीच वाढ मिळते. म्हणून माझा क्रम ठाम आहे: आधी सेंटर स्पीकर, मग सबवूफर, रिसीव्हर शेवटी. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात. तो शक्यतो पुढच्या दोन स्पीकरांच्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर पात्र पडद्यावर सरकताना त्याचा आवाजच बदलतो. पण त्याहीआधी, टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला जुना सेंटर कडेपर्यंत पुढे ओढा, त्याचं तोंड कानांकडे वळवा आणि सेटिंगमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवून बघा. कित्येकदा खरेदीची गरजच उरत नाही.

याचं कारण खोली. गुळगुळीत टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या, मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये शब्द आपटून परत येतात आणि एकमेकांत मिसळतात. जाड पडदे आणि सोफ्यापुढचा गालिचा इथे महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम करतात. बासचं गणित तर आणखी कठोर आहे. समोरासमोरच्या भिंतींत 12 फूट अंतर असेल, तर साधारण 47 हर्ट्झचा स्वर भिंतींलगत फुगतो आणि बरोबर मधोमध जवळपास नाहीसा होतो. सोफा तिथेच असेल, तर कितीही मोठा सबवूफर आणा, तो स्वर तुम्हाला ऐकू येणार नाही. सोफा दोन फूट सरकवा, येईल.

'रूम करेक्शन हे सगळं आपोआप करतं,' असं सांगितलं जातं. फुगलेला स्वर ते दाबतं, हे खरं. पण खोलीने गिळलेला स्वर भरून काढायला गेलं, तर ताकद खर्च होते आणि खड्डा तसाच राहतो. दुसरा आक्षेप अ‍ॅटमॉसचा. छतावरचे स्पीकर बसवायचे असतील, किंवा जुना रिसीव्हर 4के चित्र पुढे पाठवत नसेल, तर तो जरूर बदला. एखादा चॅनल बंद पडला असेल तरीही. पण तीन भिंती आणि बाल्कनीचं दार असलेल्या हॉलमध्ये मागचे स्पीकरच धड बसत नाहीत, तिथे छताची घाई कशाला? सबवूफरने शेजाऱ्यांना त्रास होईल, ही काळजी मात्र रास्त आहे. रात्री नाइट मोड लावा आणि सबवूफर सामायिक भिंतीपासून लांब ठेवा.

दुकानात ऐकायला जाताना दुकानदाराचा धमाक्यांचा डेमो बाजूला ठेवा. तुमच्या ओळखीच्या सिनेमातला हळू बोलण्याचा प्रसंग घेऊन जा आणि घरी असतो तेवढ्याच आवाजात ऐका.