बदली, भाषा आणि झोप

बदलीचा आदेश हाती पडला की बँक कर्मचारी प्रथम घराची आणि मुलांच्या शाळेची चिंता करतो. भाषेची चिंता काउंटरवर बसल्यानंतर सुरू होते. काही वर्षांपूर्वी सांगलीहून म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीलगतच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा माझेही तसेच झाले. तिसऱ्या आठवड्यात एक वृद्ध ग्राहक नातवाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी पैसे काढावयास आल्या. लिहिता येत नसल्याने त्यांनी रक्कम तोंडी सांगितली, ‘एप्पत्तु साविर’. मी पावतीवर वीस हजार लिहिले. रोखपालाने पैसे देण्यापूर्वी ‘इप्पत्तु साविर?’ असे मोठ्याने विचारले, तेव्हा अज्जींचा चेहरा उतरला. त्यांना हवे होते सत्तर हजार, आणि खात्यातले पन्नास हजार कुठे गेले, अशी त्यांची समजूत झाली होती. चूक जागीच दुरुस्त झाली. परंतु अंगठा उठवणाऱ्या माणसाचा आकडा आपण लिहितो, तेव्हा त्याचा सारा भरवसा आपल्या कानावर असतो, ही जाणीव मनातून गेली नाही.

माझ्या कानाने दगा का दिला? कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन स्वतंत्र स्वर आहेत. मराठीत हा भेद नाही, म्हणून तो ऱ्हस्व ए मला इ सारखा ऐकू आला. या विषयावरील एक प्रसिद्ध प्रयोग आपल्याच ध्वनींवर झालेला आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवून दिले, की इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट यांतील फरक सहज कळतो. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बहुतांशी ओसरते. ज्या भेदाचा घरात उपयोग नाही, त्याकडे मेंदू लक्ष देणे थांबवतो. प्रौढपणी तो भेद पुन्हा शिकता येतो, मात्र परिश्रमाने.

शब्द कोठे संपतो हे ओळखणे हे पुढचे कोडे. नवख्याला ‘स्वल्प तडीरि’, म्हणजे ‘जरा थांबा’, हा एकच लांबलचक शब्द वाटतो. बोलताना शब्दांमध्ये आपण मोकळी जागा सोडत नाही. मग बाळे शब्द वेगळे कसे करतात? जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांचा अखंड प्रवाह अवघी दोन मिनिटे ऐकवला. कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर हमखास येते, एवढ्याच आधारावर बाळांनी त्यातील ‘शब्द’ ओळखले. अर्थ नाही, शिक्षक नाही; केवळ वारंवारितेची नोंद. आपल्या खातेवहीसारखेच म्हणा ना!

मला सर्वांत लवकर वश झाले ते अंक. इप्पत्तु म्हणजे वीस, इप्पत्तोंदु एकवीस, मूवत्तैदु पस्तीस: आधी दशक, मग एकक. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असा पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! परंपरेचा अभिमान मलाही आहे; तथापि कन्नड मुलाचे ओझे हलके आहे, हे मान्य करावे लागते.

वाक्यरचनेने तर आश्चर्यच वाटले. ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ याचा शब्दशः अनुवाद ‘मला कन्नड येते’ असाच होतो. साचा आधीच डोक्यात होता, केवळ शब्द बदलायचे होते. आमच्या सांगलीशेजारचे कुपवाड भाषाशास्त्रात याचसाठी नावाजलेले आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये तेथील मराठी, उर्दू आणि कन्नड यांचे वर्णन प्रसिद्ध केले. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे वाक्यांची घडण जवळजवळ एक झाली. घर सांगलीत असताना मला याचा पत्ता नव्हता. तो हेब्बाळला लागला.

आता झोपेविषयी. सहामाही हिशेबाच्या दिवसांत मी रात्री एकपर्यंत जागून शब्द घोकीत असे आणि सकाळी ते निम्मे विसरत असे. यामागील कारण जुने आहे. जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी 1924 मध्ये निरर्थक अक्षरे पाठ करवून पाहिले, की तेवढेच तास जागे राहण्यापेक्षा झोपेनंतर विस्मरण कमी होते. दिवसभरात नव्या गोष्टी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग झटपट टिपून घेतो. कायमच्या साठवणीसाठी मेंदूच्या बाह्य थराला सावकाश सराव लागतो. उंदीर फिरत असताना ज्या पेशी एकत्र जाग्या होतात, त्याच पुढच्या झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात, असे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी 1994 मध्ये नोंदवले. दिवसाच्या कच्च्या नोंदी रात्री पक्क्या वहीत उतरवण्याचा हा प्रकार बँकवाल्यांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. गाढ झोपेला यात विशेष महत्त्व असल्याचे मानले जाते.

झोप शब्द केवळ टिकवत नाही, नियमही वर काढते. रिबेका गोमेझ आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासात पंधरा महिन्यांच्या बाळांना एक कृत्रिम भाषा ऐकवली. मधल्या वेळात डुलकी घेतलेल्या बाळांना त्यामागील साचा नव्या शब्दरचनांतही ओळखता आला. जागी राहिलेल्यांना फक्त ऐकलेले तेवढे आठवले. उशीखाली ध्वनिफीत लावून अनोळखी भाषा येत नाही, हेही सांगितले पाहिजे. शिकायचे जागेपणीच असते.

मग मी जागरण सोडले. निजण्यापूर्वी वीस मिनिटे अंकांची उजळणी, आणि सकाळी चहाच्या टपरीवर तेच अंक मोठ्याने. वसाहतीतील कामगारांनी मनसोक्त हसून घेतले, चुकाही सुधारल्या. काउंटरवरील पाटीवरचा ‘ठेवणि’ हा शब्द मात्र मला शिकावा लागला नाही. त्यात आपली ठेव आयतीच होती. ‘साल’ म्हणजे कर्ज आणि ‘बड्डि’ म्हणजे व्याज, हे पाठ करावे लागले.

चार महिन्यांनी त्याच अज्जी ठेव ठेवावयास आल्या. फॉर्म भरण्यापूर्वी मी विचारले, ‘एप्पत्तैदु साविर?’ त्यांनी मान डोलावली. मग शाळेतील बाई करतात तसे एक बोट वर करून, सुरुवातीला किंचित य लावून मला म्हणावयास लावले, ‘येप्पत्तैदु’. तो उच्चार जमल्यावरच त्यांनी अंगठा उठवला.