कलेजीतला पाण्याचा फोड

प्रश्न : मटण घेताना बोकडाच्या कलेजीत पाण्याने भरलेला, लिंबाएवढा पांढरा फोड निघाला. खाटकाने तो भाग कापून कुत्र्यापुढे टाकला. उरलेले मटण खाऊन आमच्या पोटातही असे फोड होतील का?

उत्तर : नाही, मटणातून होणार नाहीत. काळजी करावी ती कुत्र्याला मिळालेल्या तुकड्याची.

असा फोड बहुधा ‘हायडॅटिड’ असतो, म्हणजे एका पट्टकृमीच्या अळीची पिशवी. हा कृमी प्रौढ होतो तो कुत्र्याच्या आतड्यात. लांबी फार तर ७ मिलिमीटर. कुत्र्याला सहसा काही त्रासही जाणवत नाही. त्याची अंडी विष्ठेवाटे मातीत, गवतावर आणि पाण्यात पसरतात. चरताना शेळ्यामेंढ्या ती गिळतात. अंड्यातली अळी आतड्यातून रक्तात शिरते, यकृतात किंवा फुप्फुसात अडकते आणि तिथे तिची पिशवी होते. ही पिशवी कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात नवे कृमी वाढतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

माणूस या चक्रात चुकून शेळीच्या जागी येतो. त्याला बाधा होते ती अंड्यांमुळे, पिशवीमुळे नव्हे. कुत्र्याला कुरवाळून न धुतलेले हात, मातीसकट खाल्लेले गाजर किंवा कोथिंबीर एवढे पुरते. म्हणून ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला भीती नाही’ हा समज खरा नाही. पिशवी वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसते. ती फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे उपचार तज्ज्ञाकडूनच घ्यावेत.

डुकराच्या मांसातल्या फोडांची गोष्ट वेगळी. तो पट्टकृमी दुसरा. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्यास तो माणसाच्या आतड्यात वाढतो.

मग करायचे काय? फोड आलेला अवयव खोल पुरावा, जाळावा किंवा अर्धा-पाऊण तास उकळावा. पाळीव कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे. जेवणापूर्वी हात आणि कच्च्या भाज्या नीट धुवाव्यात.

आइसलँडमध्ये हा आजार एकेकाळी फार पसरला होता. १८६३ मध्ये डॅनिश संशोधक हाराल्ड क्राबे यांनी तिथल्या कुत्र्यांची तपासणी केली. पुढे हे चक्र लोकांना समजावून सांगण्यात आले आणि फोड आलेले अवयव कुत्र्यांच्या तोंडी जाऊ न देण्याचे नियम झाले. आजची प्रभावी औषधे नसतानाही त्या देशाने हा रोग हद्दपार केला.